व्हायब्रेशन मीटर म्हणतो सगळं ठीक, तरी मोटारचा शाफ्ट तिसऱ्यांदा तुटला

लोटे_फिटर
नमस्कार मंडळी. मी लोटे परशुरामला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे, कंपनीचं नाव नको. प्रश्न असा की आमच्याकडे समोरासमोर दोन सिलिंडरचा एक डबल अ‍ॅक्टिंग रेसिप्रोकेटिंग (पिस्टनवाला) कॉम्प्रेसर आहे, २५० किलोवॅटची आठ पोल मोटार, मध्ये रबरवालं कपलिंग, ७४० आरपीएम. हे मशीन बारा वर्षं डायरेक्ट लाईनवर एकाच स्पीडला चाललं आणि त्या बारा वर्षांत कपलिंगचे रबर दोनदा बदलले, ते पण शेड्यूलप्रमाणे. मग दोन वर्षांपूर्वी लाईट बिल कमी करायला व्हीएफडी (मोटारचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राईव्ह) बसवला आणि तिथून पुढे साडेसाती लागली म्हणा.

आधी कपलिंग गार्डखाली काळी पूड पडायला लागली, एकदम बारीक, बोटाला लावली तर काजळासारखी. आमचा हेल्पर दर शनिवारी झाडून काढायचा, कोणी मनावर घेतलं नाही, मी पण नाही. आठ महिन्यांनी मोटारचा शाफ्ट कपलिंगच्या बाजूला तुटला. सगळे म्हणाले मटेरियल हलकं होतं, ईएन ८ म्हणजे साधं स्टील होतं. रोटरमधून जुना शाफ्ट प्रेसने काढला, चिपळूणहून ईएन २४ चा, म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलचा करून आणला, तो पाच महिने टिकला. परत केला, आता मे महिन्यात तोही गेला.

तिन्ही वेळा क्रॅक कीवेच्या (शाफ्टमधली की बसायची खाच) कोपऱ्यातून सुरू झालाय आणि सरळ आडवा न जाता तिरका पिळत गेलाय, आट्यासारखा. अलाइनमेंट लेझरने केलंय, फाउंडेशन बोल्ट टाईट आहेत, बेअरिंगवर व्हायब्रेशन २ मिमी प्रति सेकंदच्या आसपास म्हणजे उत्तम. आता साहेब म्हणतात ९० मिमीचा शाफ्ट १०० चा करा, बेअरिंग पण मोठं घ्या. खर्च मोठा आहे आणि मला आतून वाटतंय की हा पण जाणार. कोणी असं पाहिलंय का?

लेथवाला_चिपळूण
तुमचा शाफ्ट माझ्याकडे केलेला नाही पण असे बरेच केलेत म्हणून सांगतो. कीवे एंड मिलने मारला असेल तर शेवटाला उभी भिंत राहते आणि तिथे ताण साचतो, त्यापेक्षा डिस्क कटरने मारून शेवट हळूहळू वर आणला तर शाफ्टला बरं पडतं. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडियस पाहिजेच पाहिजे, धारदार कोपरा म्हणजे क्रॅकला आमंत्रण. आणि की सैल नको, हातोडीने बसली पाहिजे. एवढं केलं तर आयुष्य वाढेल. पण तीन शाफ्ट एकाच जागी गेले म्हणता तर नुसतं मशीनिंग नसावं असं मलाही वाटतं.

निवृत्त_चीफ
मी तीस वर्षं जहाजावर इंजिनिअर होतो, आता दापोलीला असतो. फिटरसाहेब, तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून मी जेवण अर्धं ठेवून टाईप करतोय.

वर्गातला खडू घ्या, दोन्ही हातांनी फक्त पिळा, वाकवू नका. खडू तुटेल तो बरोबर ४५ अंशात, स्क्रूसारखा. तुमचा शाफ्ट तसाच तुटलाय. शाफ्ट वाकत असता म्हणजे अलाइनमेंटचा दोष असता तर क्रॅक आडवा गेला असता. तुमचा शाफ्ट पुढे मागे पिळला जातोय, सेकंदाला कित्येक वेळा, महिनोन् महिने. याला टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात आणि तुमच्या बेअरिंगवरचा मीटर याच्या बाबतीत आंधळा आहे, कारण पिळताना शाफ्टचा मध्य जागचा हलतच नाही, बेअरिंगला काही कळतच नाही. गिअर बॉक्स मध्ये असता तर दात आपटून थोडा तरी आवाज आला असता, तुमच्याकडे तोही नाही.

विहिरीवर कळशी दोराला टांगून एकदा पीळ देऊन सोडा. ती उलटी फिरेल, थांबेल, परत सुलटी फिरेल, आणि तिचा एक ठरलेला वेळ असतो, तो तुम्ही किती जोरात पीळ दिला त्यावर ठरत नाही. दोर किती ताठ आणि कळशी किती जड एवढंच त्याला कळतं. तुमच्याकडे दोर म्हणजे कपलिंगचं रबर अधिक शाफ्ट, आणि कळश्या दोन, एका टोकाला मोटारचा रोटर नि दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचा फ्लायव्हील. कॉम्प्रेसर प्रत्येक फेऱ्याला त्या दोराला ठोके देतो. ठोक्यांचा वेळ आणि दोराचा वेळ जुळला की संपलं.

आता मला एकच सांगा, व्हीएफडी लागल्यापासून मशीन जास्त वेळ कुठल्या स्पीडवर असतं? लॉगबुक बघून सांगा, आठवून नको.

लोटे_फिटर
काका, तुमचं वाचून सकाळी पहिलं लॉगबुक काढलं. दिवसा ४८ ते ५० हर्ट्झ. रात्री दहा ते सहा लोड कमी असतो तेव्हा ऑपरेटर ४२ वर ठेवतात, जवळजवळ रोज. मी विचारलं ४२ च का, तर म्हणाले ४२ वर प्रेशर बरोबर राहतं आणि मशीन शांत चालतं. ४२ ला आरपीएम साधारण ६२० येतो.

फायनल_इयर_रत्नागिरी
मी मेकॅनिकलला आहे, शेवटचं वर्ष. दादा, मोटारच्या डेटाशीटवर रोटरचा इनर्शिया (फिरवायला किती जड) असेल आणि कपलिंगच्या कॅटलॉगमध्ये टॉर्शनल स्टिफनेस (पिळायला किती ताठ) असते, ते दिलंत तर मी गणित करून देतो, दोन इनर्शिया नि एक स्प्रिंग एवढंच आहे, हाताने होतं.

लोटे_फिटर
मोटारचा रोटर १२ किलो मीटर स्क्वेअर. कॉम्प्रेसर फ्लायव्हीलसकट ४०. कपलिंग १.७५ लाख न्यूटन मीटर प्रति रेडियन. शाफ्ट ९० मिमी, पिळणारी लांबी अंदाजे ४०० धरली.

फायनल_इयर_रत्नागिरी
करून बघितलं, आमच्या सरांकडून तपासून पण घेतलं.

९० च्या शाफ्टची स्वतःची स्टिफनेस येते १२.९ लाख. ती आणि कपलिंगची १.७५ लाख एकामागे एक जोडल्या की मिळून १.५४ लाख. म्हणजे जवळजवळ सगळा पीळ रबरात जातो, शाफ्ट त्यामानाने लोखंडाचा खांब आहे. दोन इनर्शिया मिळून ९.२३ धरायचे. नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे काकांच्या कळशीचा तो ठरलेला वेळ, आली सेकंदाला २०.६ वेळा (हर्ट्झ).

आता ६२० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०.३ फेरे. फेऱ्याला दोन ठोके असतील तर २०.७. दादा, बरोबर डोक्यावर बसलंय!!

७४० ला तेच दोन ठोके २४.७ हर्ट्झ होतात, म्हणजे २०.६ पासून २० टक्के लांब. म्हणून बारा वर्षं काही झालं नसणार.

निवृत्त_चीफ
शाब्बास पोरा. आणि फेऱ्याला दोन ठोके हेच बरोबर आहे, समोरासमोरच्या सिलिंडरमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, डबल अ‍ॅक्टिंग आहे म्हणजे जाताना एक दाब, येताना एक दाब. आम्ही याला सेकंड ऑर्डर म्हणतो.

आता १०० मिमीच्या शाफ्टचं पण गणित कर बाळा, साहेबांना दाखवायला लागेल.

फायनल_इयर_रत्नागिरी
केलं काका. व्यासाचा चौथा घात असतो म्हणून ९० चा १०० केला की शाफ्टची स्टिफनेस दीडपट होते, १२.९ ची १९.६ लाख. पण रबर तेच असल्यामुळे एकूण १.५४ ची फक्त १.६१ होते. फ्रिक्वेन्सी २०.६ ची २१.०. म्हणजे दोन टक्के. रेझोनन्स (ठोके जुळण्याचा स्पीड) ६२० वरून ६३० ला सरकला एवढंच.

आणि ईएन ८ च्या जागी ईएन २४ केल्याने तर फ्रिक्वेन्सीला काहीच झालं नसणार ना? दोन्ही स्टीलचं जी (पिळायचा ताठपणा) सारखंच, ८० गिगापास्कलच्या आसपास.

निवृत्त_चीफ
हेच मला ओरडून सांगायचं होतं. भारी स्टीलची ताकद जास्त असते, ताठपणा नाही. पिळायला दोन्ही सारखेच. आपल्याकडे शाफ्ट तुटला की पहिला शब्द येतो मटेरियल, आणि बिचारा शाफ्ट बनवणारा बदनाम होतो. मी किती तरी ठिकाणी हे बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. शाफ्टवर फक्त तक्रार उमटते, तक्रार असते स्पीडची.

जहाजावर हे सगळ्यांना पाठ असतं कारण तिथे चूक परवडत नाही. १९०२ साली हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस यार्डमधल्या हर्मान फ्राम यांनी जहाजांच्या लांब प्रोपेलर शाफ्टवर मोजमापं घेऊन दाखवून दिलं की चालताना शाफ्ट पिळत असतो आणि ठराविक स्पीडला तो पीळ अतोनात वाढतो. पुढे १९२१ ला होल्झर यांनी हाताने गणित करायची पद्धत पुस्तकात मांडली, आम्ही परीक्षेला तीच कोष्टकं भरायचो. मोठ्या जहाजांच्या इंजिनाच्या टॅकोमीटरवर म्हणूनच तांबडा पट्टा रंगवलेला असतो, बार्ड स्पीड रेंज. त्या पट्ट्यात थांबायचं नाही, वर जाताना आणि खाली येताना झपकन पार करायचं. बंदरातला पायलट जहाजावर आला की त्यालाही आधी हेच सांगतात. तुमच्या व्हीएफडीला तो पट्टा कोणी रंगवलाच नाही हो.

मिरकरवाडा_बोट
मध्येच बोलतो, माफ करा. मी कंपनीतला नाही, रत्नागिरीला आमचा ट्रॉलर आहे, सहा सिलिंडरचं ट्रकचं इंजिन मरीन करून बसवलेलं. एप्रिलमध्ये समुद्रात असतानाच क्रँक तुटला, दुसऱ्या बोटीने ओढून आणलं, अर्धा सीझन गेला. आता १ जून ते ३१ जुलै बंदी आहे, बोट वर काढून शाकारलीय, म्हणून इंजिन उतरवून कामाला दिलंय. मेकॅनिक म्हणतो क्रँकच डुप्लिकेट असेल. तुमचं पिळण्याचं वाचून डोक्यात आलं, आमचं पण तसलंच काही असेल का? तुटला तो मागे, फ्लायव्हीलच्या अंगाला.

निवृत्त_चीफ
एक विचारतो, नीट आठवून सांगा. इंजिनाच्या पुढच्या टोकाची पुली कधी बदलली का?

मिरकरवाडा_बोट
हो काका बदललीय!! तुम्हाला कसं कळलं? गेल्या वर्षी पुलीच्या मधलं रबर तेलाने फुगून बाहेर आलं होतं, ओरिजिनल पुली महाग होती आणि दोन आठवडे लागणार होते, सीझन चालू, म्हणून लेथवर एकसंध बिडाची करून घेतली. चांगली झाली होती, बेल्ट एकदम सरळ धावत होता.

निवृत्त_चीफ
दादा, ती नुसती पुली नव्हती. मधल्या रबरासकट ती डँपर असते. सहा सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात फेऱ्याला तीन स्फोट होतात, १५०० आरपीएमला सेकंदाला ७५, शिवाय त्याच्या वरच्या पट्टीतलेही ठोके असतातच. लांब क्रँक त्या ठोक्यांनी पिळतो. मागे जड फ्लायव्हील असल्याने तिथलं टोक जवळजवळ हलत नाही, पुढचं टोक सगळ्यात जास्त डोलतं, म्हणून डँपर पुढे बसवतात, जिथे हालचाल जास्त तिथेच ती शोषता येते. आणि हालचाल जिथे सगळ्यात कमी तिथे पिळाचा ताण सगळ्यात जास्त, म्हणून क्रँक तुटतो मागे. पुली पुढे बदलली आणि तुटलं मागे, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

बेल्ट फिरवण्यासाठी एकसंध पुली पण चालते, म्हणून लोक फसतात. नवा क्रँक टाकाल त्याच्या आधी ओरिजिनल डँपर आणा, पैसे उसने घ्यावे लागले तरी चालतील. काही मोठ्या इंजिनांना सिलिकॉन तेलाचा डँपर असतो, बाहेरून नुसती बंद लोखंडी चकती दिसते. त्याच्यावर हातोडी मारायची नाही, पोचा पडू द्यायचा नाही, वेल्डिंग तर नावच नको. आतल्या जड रिंगच्या बाजूची फट मिलिमीटरच्याही खाली असते, पोचा पडला की रिंग अडकते नि डँपर मेला.

लेथवाला_चिपळूण
हे वाचून झोप उडाली. अशा पुल्या मी पण करून दिल्यात, गिऱ्हाईक नमुना आणतो आणि म्हणतो रबर नको, कायमची करून द्या. आता यापुढे इंजिनाची पुढची पुली आली आणि मध्ये रबराची रिंग दिसली तर काम घेणार नाही, उद्या दुकानात पोरांना पण सांगतो.

जयगड_पॉवर
मी वीज क्षेत्रात आहे. फिटर भाऊंना दोन गोष्टी. एक, हा प्रकार फक्त इंजिन कॉम्प्रेसरपुरता नाही. अमेरिकेत नेवाडातल्या मोहावे पॉवर स्टेशनला १९७० च्या डिसेंबरात जनरेटरचा शाफ्ट स्लिप रिंगजवळ खराब झाला, दुरुस्त केला, तर १९७१ च्या ऑक्टोबरात परत तेच. ठोके देणारं मशीन तिथे नव्हतंच. लांबच्या ट्रान्समिशन लाईनमध्ये सीरिज कपॅसिटर होते, त्या लाईनची विजेची आंदोलनं आणि शाफ्टच्या पिळाची आंदोलनं जुळली. यातून सबसिंक्रोनस रेझोनन्स सगळ्या जगाला कळला. म्हणजे वीज सुद्धा शाफ्ट पिळू शकते, तुमचा व्हीएफडी पण स्वतःचा थोडा टॉर्क रिपल (पिळाच्या जोरातली बारीक लहर) देतो, तेव्हा ट्यूनिंग करणाऱ्या माणसालाही या चर्चेत घ्या.

दुसरं महत्त्वाचं. गणितावर एवढा खर्च ठरवू नका, मोजून घ्या. रबर गरम झालं की मऊ होतं, जुनं झालं की कडक होतं, कॅटलॉगचा आकडा आणि तुमच्या मशीनवरचा आकडा यात सहज फरक पडतो. शाफ्टवर ४५ अंशात स्ट्रेन गेज (ताण मोजणारी पट्टी) चिकटवतात, त्याच्याच बाजूला बॅटरीचा छोटा ट्रान्समीटर बांधतात, आणि स्पीड हळूहळू वर नेत टॉर्क बघतात. एक दिवसाचं काम आहे.

लोटे_फिटर
मंडळी उशीर झाला, नवा शाफ्ट ९० चाच केला, कीवे लेथवाला भाऊंनी सांगितला तसा डिस्क कटरने. साहेबांना धाग्यातलं गणित दाखवलं, आधी ऐकेनात, १०० च्या शाफ्टचे दोन टक्के बघितल्यावर गप्प झाले आणि मोजायला परवानगी दिली. पुण्याहून टीम आली.

मी स्वतः लॅपटॉपच्या बाजूला उभा होतो. ३४ हर्ट्झपासून एक एक वाढवत गेलो. ३८ पर्यंत रेघ शांत. ३९ ला जाडी वाढली. ४१ ला लाटा एवढ्या उंच झाल्या की शून्याच्या खाली जायला लागल्या, म्हणजे क्षणभर कॉम्प्रेसरच मोटारला ढकलत होता. शिखर आलं ४१.५ ला. सरासरी टॉर्क ३००० न्यूटन मीटरच्या आत आणि त्यावरची लाट अधिक उणे ५५००! टीमवाला म्हणाला लगेच पुढे न्या, इथे थांबू नका. आणि त्याच वेळी मी बेअरिंगवर हात ठेवला होता, काही म्हणजे काही लागत नव्हतं. मशीन खरंच शांत होतं. ऑपरेटर खोटं बोलत नव्हते. कपलिंगचं रबर मात्र दहा मिनिटांत हाताला चटका लागेल एवढं गरम झालं होतं.

त्याच संध्याकाळी व्हीएफडीत ३७ ते ४६ स्किप बँड टाकला. आता ऑपरेटरने ४२ दिले तरी ड्राईव्ह तिथे थांबत नाही. पण रात्री प्रेशर सांभाळायला त्रास होतोय कारण नेमका हाच पट्टा लागतो. सप्लायर म्हणतो सगळ्यात मऊ रबर टाका, फ्रिक्वेन्सी १३ वर येईल, मग प्रश्न मिटला. टाकू का?

निवृत्त_चीफ
थांबा, १३ नको! ७४० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२.३ फेरे, तुम्ही सेकंड ऑर्डरमधून सुटून थेट फर्स्ट ऑर्डरच्या, म्हणजे फेऱ्याला एका ठोक्याच्या, तोंडात जाल, ते पण फुल स्पीडला. आणि अनलोडर लावून एक बाजू रिकामी केलीत की फर्स्ट ऑर्डरचा ठोका वाढतो. मधला रस्ता काढायला पाहिजे. पोरा, गणित कर.

फायनल_इयर_रत्नागिरी
काका, एकूण स्टिफनेस साधारण अर्धी केली तर फ्रिक्वेन्सी १४.५ येते. ७४० चा पहिला ऑर्डर १२.३, तो १५ टक्के खाली राहतो. आणि दुसरा ऑर्डर १४.५ ला भेटतो ४३५ आरपीएमला. दादांनी किमान स्पीड ५०० ठेवला तर तिथे दुसरा ऑर्डर १६.७, म्हणजे १५ टक्के वर. ५०० ते ७४० सगळा मोकळा.

जयगड_पॉवर
बरोबर वाटतंय, दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर दोन्हीकडे आहे. फक्त सुरू करताना ४३५ मधून जावं लागेल, तेव्हा रॅम्प (स्पीड चढवण्याचा टप्पा) तिथे रेंगाळणारा नको. आणि ५०० ला कॉम्प्रेसरच्या ऑईल पंपाचं प्रेशर पुरतं का ते बघून घ्या, तो क्रँकवरूनच चालत असेल.

मिरकरवाडा_बोट
ओरिजिनल डँपर कोल्हापूरहून मिळाला, नवा क्रँक पण आला. जुनी बिडाची पुली मी कोणाला देणार नाही, दुसऱ्या कोणाच्या इंजिनाला लागायला नको. नारळी पौर्णिमेच्या आधी इंजिन बसेल असं मेकॅनिक म्हणतो. काका, मेकॅनिकला तुमचा मेसेज वाचून दाखवला, त्याने दोनदा वाचायला लावला.

लोटे_फिटर
गणपतीच्या शटडाऊनला कपलिंग बदललं, अर्ध्या स्टिफनेसचं. ऑईल प्रेशर ५०० ला ठीक आहे. परत मोजलं, ५०० ते ७४० मध्ये लाट कुठेही अधिक उणे ९०० च्या वर गेली नाही. सहा आठवडे झाले, गार्ड उघडला तर खाली फक्त सिमेंटची धूळ.

आणि अजून एक. बाजूला याचंच जुळं मशीन आहे, त्याला व्हीएफडी सहा महिने उशिरा लागला होता आणि त्याची कधी तक्रार आली नाही म्हणून कोणी बघितलं नव्हतं. शटडाऊन होताच तर म्हटलं हाफ कपलिंग काढून बघूया. कीवे साफ केला, डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग) मारला, पंधरा मिनिटं थांबून पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. कोपऱ्यातून एक लाल रेघ हळूहळू वर आली, बारा मिलिमीटर, ४५ अंशात. हेल्परने माझ्या आधी ओळखलं. तो शाफ्ट आता स्टोअरमध्ये वेगळा ठेवलाय, आणि दुसऱ्या ड्राईव्हमध्ये पण ३७ ते ४६ टाकून झालंय.